मदत हवी: सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, मुळाला गाठीच नाहीत. युरिया टाकू का?

नाल्याकाठचं_वावर
जाणकारांनी लवकर सांगा. सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. बियाण्याला जिवाणू खत लावलं होतं, तरी मुळाला एकही गाठ नाही. उपटून पाहिलं, मुळं साफ. कृषी केंद्रवाला म्हणतो एकरी एक बॅग युरिया फेका, आठवड्यात काळंभोर होते. बाबा म्हणतात सोयाबीनले युरिया कोणी टाकते का. पावसानं उघाड दिली आहे, उद्या माणूस लावायचा आहे, म्हणून आजच कळलं पाहिजे. पाकीट बोगस असेल तर तक्रार कुठे करायची तेही सांगा.

माजी_कृषी_सहायक
भाऊ, असं नुसतं "पिवळं" म्हणून काही सांगता येत नाही. पेरणी केव्हाची? कोणतं पान पिवळं, खालचं की शेंड्याचं? शिरा हिरव्या आहेत का? पूर्ण वावर पिवळं की पट्टा? बियाण्याला बुरशीनाशक लावलं होतं का, आणि जिवाणूच्या आधी की नंतर?
खालची जुनी पानं आधी फिकट होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर लोह उचललं जात नाही, चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचलं की हे हमखास दिसतं. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, तो विषाणू पांढरी माशी पसरवते, तिथे युरियाचा काही संबंध नाही.

नाल्याकाठचं_वावर
एवढं सगळं लागते का? जमीन काळी, आपल्याकडे असते तशी. पेरून महिना होऊन गेला, एक डवरणी (कोळपणी) झाली. जिवाणू लावला म्हणजे लावला. युरिया टाकू का नको, एवढं सांगा.

शेणखत_जिंदाबाद
पाकिटातले जिवाणू म्हणजे पैसे पाण्यात. जीवामृत करा. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती, २०० लिटर पाणी. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. हे एका एकराला होते. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी हे देशभर नेलं, २०१६ ला पद्मश्री मिळाली. माझ्या वावरात अनेक वर्षांत युरियाचा दाणा पडला नाही.

वर्ध्याची_मास्तरीण
मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि घरची शेती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.
जीवामृतात जिवाणू भरपूर असतात, ते कुजवण्याचं काम चांगलं करतात, यात वाद नाही. पण सोयाबीनच्या मुळात गाठ करणारा जिवाणू वेगळा आहे, ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम. तो शेणात नसतो. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. मूळ आणि जिवाणू एकमेकांना रसायनांच्या खुणांनी ओळखतात, चुकीची जोडी असेल तर मूळ त्याला आत घेतच नाही. ज्या मातीत आधी सोयाबीन झालं आहे तिथली मूठभर माती घातली तर थोडाफार येईल, धुऱ्यावरच्या मातीचा भरवसा नाही.
हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसा वापरता येत नाही. तो मोडून अमोनिया करायचं काम गाठीतला जिवाणू करतो, बदल्यात झाड त्याला साखर देतं. ज्या विकराने (एन्झाइमने) हे होतं त्याला ऑक्सिजन चालत नाही, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो, तो मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतो. काम करणारी गाठ कापली की आत गुलाबी-लाल दिसते ती त्यामुळेच. आत पांढरी म्हणजे कोवळी किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली.
आता माझा एकच प्रश्न. तुम्ही झाड उपटून पाहिलं की खोदून?

नाल्याकाठचं_वावर
उपटूनच. खोदून काय फरक पडते?

वर्ध्याची_मास्तरीण
फार पडतो. भारी काळ्या मातीत झाड ओढलं की बारीक मुळं तुटतात आणि गाठी मातीतच राहतात. फावड्याने वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीत भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मग मूळ पाहा. चांगल्या भागातलं आणि पिवळ्या भागातलं, दोन्ही. गाठी नखाने कापून आतला रंग सांगा.

बोंडअळीग्रस्त
जिवाणूचं एवढं कौतुक नका सांगू. बीटी पराटीत (कपाशीत) पण जिवाणूचाच जीन आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. २००२ मध्ये परवानगी दिली तेव्हा सांगत होते फवारणी लागणार नाही. आता गुलाबी अळी बोंडात बसून खाते. सोयाबीन सोडा, ज्वारी लावा.

राळेगावकर
भाऊ, त्यानं सोयाबीनचं विचारलं, पराटीचं नाही. आणि अळी सरावली हा दोष जिवाणूचा नाही. धुऱ्याभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावायला सांगितल्या होत्या, किती लोकांनी लावल्या? फरदडीचा (वेचणी झाल्यावरही तीच पराटी उभी ठेवायची) हंगाम मार्चपर्यंत ओढला, अळीले वर्षभर खायला भेटलं.

बोंडअळीग्रस्त
बिगर-बीटीचं बियाणं कोणी वेळेवर देते का? घरी लेकराबाळाचं पोट आहे, फरदड घेणारच.

माजी_कृषी_सहायक
दोघांनीही पराटीचा वेगळा धागा काढा. इथे गर्दी नको.
धागाकर्ते, बुरशीनाशकाचं उत्तर अजून आलं नाही. आणि जिवाणू कसा लावला?

नाल्याकाठचं_वावर
बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच ड्रममध्ये, एकदमच फिरवलं. भाऊजी म्हणाले वेळ वाचते. मग ताडपत्रीवर पसरवलं, दुसऱ्या दिवशी पेरलं. आता असं नका म्हणू की तिथंच सगळं गेलं, दुकानदारानं काहीच सांगितलं नव्हतं.

माजी_कृषी_सहायक
क्रम असा असतो: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकलं की सगळ्यात शेवटी जिवाणू. १० किलो बियाण्याला साधारण २५० ग्रॅम. गुळाचं पाणी करून थंड झाल्यावर त्यात कालवायचं, हलक्या हाताने चोळायचं म्हणजे साल निघत नाही. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. ताडपत्री उन्हात होती का?

निंबाचा_पार
मी म्हणतो ट्रायकोडर्मा लावा, सगळं होते. कुजवते, बुरशी मारते, वाढ करते. मी दरवर्षी लावतो.

वर्ध्याची_मास्तरीण
ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नाही. मूळकुजीवर उपयोगाचा आहे, पण नत्राचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दोन_लेकरांची_आई
विषय थोडा वेगळा आहे, पण जिवाणूंचं चाललंय म्हणून विचारते. आमच्या वस्तीत पावसाळा लागल्यापासून लहान लेकरांना जुलाब सुरू आहेत. सगळे विहिरीचं पाणी पितो. गावातले एक जण लगेच अँटिबायोटिक देतात, ते घेतलं की पोट आणखी बिघडते. दही द्यावं का?

उपकेंद्रातला_भाऊ
ताई, लेकरू वारंवार पाणी मागत असेल, सुस्त असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बाकी वेळी ओआरएसचं पूर्ण पाकीट १ लिटर पाण्यात, चमच्या-चमच्यानं. सोबत झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायच्या. अंगावरचं दूध सुरू ठेवायचं, खाणं बंद करायचं नाही.
अँटिबायोटिक साध्या जुलाबाला लागत नाही. बरेचदा तो विषाणू असतो, त्यावर ते चालतच नाही, उलट आतड्यातले कामाचे जिवाणू मरतात. म्हणून घेतलं की पोट आणखी बिघडते. ताजं दही जेवणात चालेल, ओआरएसच्या बदल्यात मात्र नाही.
विहिरीचं आधी पाहा. कठडा नसेल, बाजूला उकिरडा किंवा संडासचा खड्डा असेल तर पहिल्या पावसात ते सगळं आत जाते. ब्लिचिंग पावडर १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम, बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. निदान अर्धा तास थांबायचं, रात्री टाकलं तर सकाळी काळजी नाही. हे ग्रामपंचायतीचं कामच आहे, जलसुरक्षकाच्या मागे लागा.

शेणखत_जिंदाबाद
म्हणजे बघा, पोटातही जिवाणू लागतात, जमिनीतही लागतात. हेच मी सांगून राह्यलो. रासायनिक बंद करा.

वर्ध्याची_मास्तरीण
भाऊ, तुमच्या तळमळीशी मी सहमत आहे. माणसाच्या शरीरात जिवाणूंच्या पेशी आपल्या स्वतःच्या पेशींइतक्याच असतात, असा २०१६ मध्ये मांडलेला अंदाज आहे. पहिल्या पावसानंतर वावरातून जो वास येतो तोसुद्धा बराचसा जिवाणूंचा, स्ट्रेप्टोमायसिस नावाचे. क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्याच कुळातून १९४३ मध्ये निघालं. मातीची किंमत मला पुरती कळते. पण या भावाच्या झाडाला आज नत्र मिळत नसेल तर त्याला तत्त्वज्ञान देऊन भागणार नाही. आधी मुळं पाहू द्या.

नाल्याकाठचं_वावर
खोदलं. दोन्हीकडचं.
वरच्या भागात, रस्त्याच्या बाजूनं, गाठी आहेत. मुख्य मुळाला वरच चिकटून, मटकीपेक्षा थोड्या मोठ्या. नखानं कापली तर आत लालसर, बोटाला रंग लागला. उपटताना एकही वर आली नव्हती, बादलीत माती सुटली तेव्हा दिसल्या. झाड हिरवं आहे.
नाल्याकडच्या भागात मात्र गाठी मोजक्या, त्याही बाजूच्या बारीक मुळांना, आत पांढऱ्या. दोन तर हिरव्या, दाबल्या की पिचकल्या. माती चिकट, आंबूस वास येते. पिवळं तिथंच आहे, आणि हो, खालची पानं पिवळी आहेत, शेंडा बरा आहे.

राळेगावकर
मग हे चिबड आहे. जिवाणूचा दोष नाही. नाल्याचं पाणी मागे फिरते, ओळींमधल्या तासात (सरीत) उभं राहते, मुळाला हवा भेटत नाही. आमच्याकडे दरवर्षी होते.

माजी_कृषी_सहायक
चिबड आहेच, पण तेवढंच असेल असं नाही. भाऊ, त्या खालच्या भागात आधी काय होतं?

नाल्याकाठचं_वावर
पराटी. बरीच वर्षं पराटीच होती, सोयाबीन यंदा पहिल्यांदा. वरच्या भागात दरवर्षी सोयाबीन-तूर. हे सांगायचं काय होतं, मला वाटलं सगळ्यांच्याच वावरात असं असते.

वर्ध्याची_मास्तरीण
आता उलगडलं. सोयाबीन एकदा चांगलं झालं की हा जिवाणू त्या मातीत पुढे काही वर्षं टिकून राहतो. वरच्या भागाला तुमच्या पाकिटाची गरजच नव्हती, तिथे जुनाच कामाला लागला. खालच्या भागात तो नव्हता, सगळी भिस्त पाकिटावर. ते बुरशीनाशकासोबत फिरलं, त्यात तिथे पाणीही साचलं. दोन्ही मिळून गाठी झाल्या नाहीत.
पाकिटाचा फोटो टाकता का? त्यावर पीक कोणतं लिहिलं आहे आणि अंतिम तारीख?

नाल्याकाठचं_वावर
पाकीट शोधलं. "रायझोबियम" (म्हणजे मुळाला गाठी करणारा जिवाणू) मोठं लिहिलं आहे. खाली बारीक अक्षरात "हरभरा". तारीख गेली नाही. मी सोयाबीनचं म्हणून मागितलं होतं, बिल पण सोयाबीनचं आहे! आता सांगा दोष कोणाचा.

माजी_कृषी_सहायक
तर मग तक्रार बनते. पाकीट, लॉट नंबर आणि बिल जपून ठेवा, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. जिवाणू खतं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात, पावडरीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. इथे मात्र प्रश्न संख्येचा नाही, चुकीच्या पिकाचं दिलं याचा आहे, अर्जात तेच ठळक लिहा.

राळेगावकर
अर्ज देऊन पीक हिरवं होत नाही. युरियाचं बोला.

माजी_कृषी_सहायक
बोलतो. वरच्या भागात युरिया अजिबात नको. गाठी काम करत आहेत, वरून नत्र दिलं की झाड गाठींना पोसणं कमी करते. दुकानदाराचं ऐकून सगळीकडे फेकला असता तर चांगला भागही बिघडला असता.
खालच्या भागात उलट आहे. तिथे गाठीच नाहीत तर बिघडायचं काय? झाड उपाशी आहे, त्याला नत्र दिलंच पाहिजे. पण आधी पाणी काढा. नाल्याकडे चर खोदा, वाफसा आला (माती ओलसर पण मोकळी झाली) की डवरा फिरवा म्हणजे मुळाला हवा लागेल. मग २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. फेकून द्यायचाच असेल तर थोडा आणि फक्त त्या पट्ट्यात. चिखलात फेकलेला युरिया निम्मा हवेत आणि नाल्यात जातो.

वर्ध्याची_मास्तरीण
त्या चिखलातही जिवाणूच असतात. हवा नसली की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू करून सोडून देतात. म्हणून आधी चर, मग फवारा. हा क्रम बदलू नका.

शेणखत_जिंदाबाद
चर काढल्यावर खालच्या भागात जीवामृत पण सोडा. नुकसान तर नाही ना?

वर्ध्याची_मास्तरीण
नुकसान नाही. वाफसा आल्यावर सोडा. त्यात वरच्या भागातली, गाठी असलेल्या झाडाखालची माती मूठभर घाला, तेवढा तरी योग्य जिवाणू खाली जाईल. यंदा फार फरक दिसेल असं मी म्हणणार नाही, पुढच्या वर्षी दिसेल.

नाल्याकाठचं_वावर
चर काढायला आजच सुरुवात केली, भाऊजीले पण बोलावलं. उद्याच्या माणसाले युरिया फेकायले नाही, खोदायले लावतो. वरच्या भागाले हात लावत नाही. एकच विचारतो, हरभऱ्याची तीन पाकिटं उरली आहेत. रब्बीत खालच्या पट्ट्यात हरभरा घेणार, तेव्हा ती चालतील का?

माजी_कृषी_सहायक
तक्रारीसाठी एक फोडलेलं आणि एक बंद पाकीट बाजूला ठेवा. बाकीच्यांवरची तारीख पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत असेल तर चालतील, पण टिनाच्या खोलीत ठेवू नका, तापलं की जिवाणू मरतात. माठाजवळ, गार कोपऱ्यात ठेवा. आणि लावताना बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी.