सिंगापूर क्रूझ: आईबाबांचा बीपी-शुगर विम्याच्या फॉर्मात लिहाच

ताई, क्रूझच्या तिकिटासोबत मिळणारा विमा आईबाबांना पुरेल का, हे तुम्ही विचारलंत. नुसत्या त्यावर विसंबू नका, वेगळी ट्रॅव्हल पॉलिसीही घ्या. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल बहुधा केबिनच्या खात्यावर डॉलरमध्ये चढतं, कॅशलेस तिथे क्वचितच चालतं. उतरण्याआधी तपशीलवार बिल, डॉक्टरची नोंद आणि पावती सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. पॉलिसीत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ची, म्हणजे रुग्ण हलवण्याच्या खर्चाची, मर्यादा आधी बघा, भर समुद्रातून रुग्ण हलवणं फार महाग पडतं. बीपी, शुगर, चालू गोळ्या फॉर्मात लिहाच, लपवलं की क्लेम अडतो.

नागपूर-मुंबई विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही. सिंगापूर एक दिवस आधी गाठा, पॉलिसी मात्र नागपूर सोडायच्या तारखेपासूनच घ्या. मलेशिया-थायलंडचे थांबे असतील तर तेही देश पॉलिसीत हवेत.