अनुभव धागा: हातचे सूत, वाख, लोकर आणि सोबतची शिदोरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सुगीच्या दिवसांत माणसे एकेकटी काम करत नसत आणि एकेकटी जेवतही नसत. वाकळ शिवायला, दोर वळायला किंवा लोकर पिंजायला चार हात एकत्र आले की भाकरीचे गाठोडेही तिथेच सुटत असे. आपण स्वतः केलेली, निदान जवळून पाहिलेली अशी एखादी वस्तू सांगावी, ती कशी होत असे ते लिहावे आणि त्या वेळी सोबत कोण होते, काय खाल्ले, हेही लिहावे. ‘गेले ते दिवस’ एवढेच लिहायचे असेल, तर कृपया थांबावे. वस्तूबद्दल वाचायला आम्हाला अधिक आवडेल.

सांगोला तालुका, निवृत्त शिक्षक

आमच्या वाडीत धनगरांचे कळप होते आणि घोंगड्या विणणारी सनगरांची दोन घरे होती. त्यांपैकी एका घरातला मुलगा माझा वर्गमित्र असल्यामुळे शाळा सुटल्यावर माझा मुक्काम त्यांच्या खड्डामागाजवळच असे. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. ती कातरून, धुऊन, पिंजून तिचे सूत काढले जाई आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावण्यापूर्वी त्याला चिंचोक्याची खळ दिली जाई. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ सुताला ताठरपणा आणते. नाहीतर मागावर त्या राठ सुताची कुसळे एकमेकांत अडकून धागा तुटतो. खळ शिजत असताना मित्राची आई आम्हाला कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगदाण्याची चटणी देत असे. शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट उखळात इतके कुटलेले असे की चटणीला तेल सुटून तिचा गोळा वळता यावा. भाकरीचा कुरकुर आवाज आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा खटखट आवाज मला आजही वेगळे करता येत नाहीत.

घोंगडीचा माग अरुंद असल्यामुळे दोन पाट वेगवेगळे विणून मध्ये जोडले जात. वडिलांसाठी घेतलेली अशीच एक घोंगडी मी नोकरी लागल्यावर मोठ्या हौसेने कढत पाण्यात धुतली. ती आटून एवढी घट्ट झाली की वडिलांचे पाय उघडे राहू लागले. ते काही बोलले नाहीत. पावसात तिची खोळ करून तेवढ्यावर भागवत राहिले. आता तिची मधली शिवण उसवली आहे आणि मित्राच्या घरी माग उरलेला नाही.

अक्कलकोट तालुका, शेतकरी

आमच्याकडे अंबाडी पेरली जाई ती दोन कामांसाठी. कोवळा पाला भाजीला आणि खोडाची साल वाखाला, म्हणजे दोर वळायच्या धाग्याला. पाला उकडून, आंबट पाणी पिळून टाकून, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून शिजवायचा आणि वरून लसणाची फोडणी भरपूर तेलात द्यायची. तेलाला हात आखडला की ही भाजी बेचव होते. फुलोरा सरल्यावर ताटे कापून त्यांच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दडपून ठेवत. पंधरा-वीस दिवसांत साल कुजून सुटी होई आणि तिची दुर्गंधी इतकी असे की ती सोलायला बसलेल्या आम्हा तिघा मित्रांना घरातले लोक आंघोळीशिवाय उंबरठा ओलांडू देत नसत.

दोर वळण्याची मेख अशी की प्रत्येक पदराला ज्या दिशेने पीळ द्यायचा, त्याच्या उलट दिशेने ते पदर एकमेकांत वळायचे. मग पदर उलगडू पाहतात तेव्हा दोर अधिक आवळतो. आम्ही पहिले शिंके केले तेव्हा उत्साहाच्या भरात सगळा पीळ एकाच दिशेने दिला होता. वेळा अमावास्येला शेतात कडब्याच्या खोपीपाशी त्यात अंबिलीचे मडके टांगले. शिंके हळूहळू गरगरत सुटे होत गेले आणि आम्ही तिघे ते बघतच राहिलो. अंबील मातीत गेली. भज्जी आणि उंडे मात्र शिल्लक होते, म्हणून मार टळला. पुढच्या कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलांची दावी आम्ही नीट वळली.

सोलापूर शहर, पूर्व भाग

माझा अनुभव खेड्यातला नाही. वडील यंत्रमागावर चादरी विणत आणि घरात आम्ही तेलुगू बोलत असू. मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्राच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून मोर कसा उमटतो, हे मी शाळेतल्या मैत्रिणीला दाखवले. ती मोहोळकडच्या गावाहून येत असे. मागाखालचे तुटके सूत ती गोधडीसाठी घेऊन जाई आणि हुरड्याच्या दिवसांत माझ्यासाठी फडक्यात बांधून कोवळा हुरडा आणत असे. हिशेब कधी केला नाही, परंतु तीच फायद्यात होती असे तिचे म्हणणे आहे.

बार्शी तालुका

वरचे सर्व वाचले. थोडा विरोधी सूर लावते, त्याबद्दल राग नसावा. माझी आत्या अजूनही वाकळ शिवते. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून ती कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत येते. एका वाकळीला फावल्या वेळातले दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला सुईने इतकी घरे केली आहेत की भाकरी थापताना तिखटमिठाचा हात लागला तर ती कळवळते. शेजारणी दुपारी मदतीला येतात, गप्पा होतात, चहाबरोबर शेंगदाण्याची पोळी होते; हे सगळे खरे आहे. पण पाहुणे येतात, ‘किती सुंदर’ म्हणतात आणि वाकळ उचलून नेतात. तिच्या मजुरीचा विषय आजवर एकाही पाहुण्याने काढलेला नाही. वस्तूबद्दल लिहा असे म्हटले होते, म्हणून हेही लिहिले.

सांगोला तालुका, निवृत्त शिक्षक

बार्शीच्या ताईंना विनंती आहे. आपल्या आत्यांना लोकरीवर टाका घालता येत असेल, तर माझ्या घोंगडीचे दोन पाट त्यांच्याकडून पुन्हा जोडून घ्यायचे आहेत. मजुरी आत्यांनीच सांगावी. मी घोंगडी घेऊन स्वतः येईन आणि शिदोरी माझ्याकडची असेल.