पळायला लागल्यापासून डाव्या छातीत दुखतंय, मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो. (कोणी डॉक्टर पुरुष असतील तर त्यांनीही लिहा, संकोच नको.)

वय ३९. दिवाळीनंतर शिवाजी पार्कात चालायला लागले, चालण्याचं पळणं झालं, आता जानेवारीतल्या मॅरेथॉनची दहा किलोमीटरची शर्यत डोक्यात आहे. जोडीला जिममध्ये वजनं. वजन बरंच उतरलं, आणि मला तरी वाटतं की सगळ्यात आधी ते छातीवरूनच उतरलं. जुन्या ब्राचे कप सुरकुततात. त्याचं फार वाईट वाटत नाही. पण डावीकडे, काखेच्या जरा पुढे, दुखरं झालंय. पळताना काही नाही. लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलला की कळ येते. पाळीच्या आधी दोन्हीकडे जड होतं ते मला ओळखीचं आहे, हे तसं नाही. हाताला गाठ लागत नाही, पण गाठ कशी लागते हे तरी मला कुठे ठाऊक?

सल्ले भरपूर मिळालेत. ट्रेनर म्हणतो डंबेल प्रेस वाढवा, सगळं परत टाइट होईल. सासूबाई म्हणतात बायकांनी एवढं पळू नये, ओघळतं. डब्यातली मैत्रीण म्हणते सरळ मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करून टाक. हे दुखणं स्नायूचं की स्तनाचं, हे घरी कळतं का? आणि दाखवायचं तर कोणाला?

प्रतिसाद: फिजिओताई
तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण अंदाज घेता येतो. भिंतीला तळहात टेकवून जोरात ढकला. नेमकी तीच कळ उठली तर स्तनामागच्या पेक्टोरल स्नायूवर संशय जास्त. मग उजव्या कुशीवर झोपा, डावा स्तन बाजूला सरकेल. मोकळ्या झालेल्या बरगड्यांवर बोटाने दाबा. तिथेच दुखलं तर बहुधा छातीच्या भिंतीचं दुखणं. मात्र पळताना छाती दाबल्यासारखी वाटली, धाप लागली, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर हे प्रयोग करत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

स्तनात स्नायू नसतो. ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरणारे तंतू, एवढंच. प्रेस मारून मागचा स्नायू भरेल, स्तन 'टाइट' होणार नाही (ट्रेनर मंडळी हे कधी शिकणार!). वजन उतरलं की चरबी घटते, कप लहान होतो. दोन्हीकडे सारखं असेल तर बिनधास्त राहा. पण एकाच बाजूचा आकार नव्याने बदलला, कातडी आत ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसली, निपल आत वळलं, त्यातून आपोआप रक्ताळ स्राव आला, स्तनात किंवा काखेत गाठ लागली, तर उशीर नको. कॅन्सरच्या गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत, त्यामुळे दुखत नाही म्हणून सोडून देणं सगळ्यात धोक्याचं.

सासूबाईंना सांगा, ओघळण्यामागे वय, गरोदरपणं, वजनाची चढउतार, सिगारेट असं बरंच काही असतं. उगाच पळण्याच्या नावाने खापर नको.

प्रतिसाद: बोरिवली_रनर
वजन उतरलंय ना, मग ब्राचं माप पुन्हा घे. आधार मुख्यतः छातीखालचा पट्टा देतो, खांद्यावरचे नाहीत. हात वर केल्यावर पट्टा वर चढला तर तो सैल आहे. ट्रायल रूममध्ये उड्या मारून बघ, सेल्सगर्ल हसली तर हसू दे. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली ब्रा चढवू नकोस, स्तनाखाली बुरशी धरते, मग ती खाज ऑफिसात सांगता येत नाही आणि सोसवतही नाही. शिवण घासते तिथे पळण्याआधी व्हॅसलीन. जाता जाता, पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली अमेरिकेत पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप (खेळताना घालायचे लंगोटासारखे आधारपट्टे) जोडून शिवली होती!

प्रतिसाद: डॉ_माहीम
ब्रेस्ट सर्जन किंवा जनरल सर्जनला दाखवा. आधी गायनॅककडे गेलात तरी चालेल. आधी हाताने तपासणी, मग गरजेप्रमाणे सोनोग्राफी की मॅमोग्राफी ते ठरतं. तरुणपणी स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून त्या वयात बऱ्याचदा सोनोग्राफी आधी करतात. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी भरले.

धागाकर्ती
भिंत ढकलून बघितली, तीच कळ! प्रेस सध्या बंद. तरी एकदा दाखवून घेतेच. दादर-माटुंगा भागात कोणी बाई सर्जन माहीत असतील तर नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.