मदत हवी आहे: वडिलांचं डीबीएस, सांगली-मिरजेहून कुठे न्यावं?

तासगाव_वरची_आळी
वडील ६४, पार्किन्सन्सला ९ वर्षं झाली. गोळीचा असर दोन तासांच्या वर टिकत नाही, पुढची घेईपर्यंत पार आखडतात. मार्चपासून फारच उतरलंय. मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशन (डीबीएस) बघा असं सांगितलंय. मुंबई, पुणे की बंगळूर? खर्च किती? लवकर सांगा, या आठवड्यात ठरवायचंय.

मिरजेचा_फार्मासिस्ट
गोळी कुठली ते लिहा की. सिंडोपा ११०, प्लस, २७५ की सीआर (हळूहळू सुटणारी)? पट्टीवर दोन आकडे असतात, लेव्होडोपा (मुख्य औषध, मेंदूत त्याचं डोपामाइन होतं) किती आणि कार्बिडोपा (त्याचा जोडीदार) किती, ते दोन्ही हवेत. वेळा घड्याळाप्रमाणे द्या. बाकी पोटात जाणारं सगळंही लिहा: ॲसिडिटी, चक्कर, खोकला, लोह, झोप.

माहुली_सातारा
गोळ्यांचा हिशेब करत वर्षं काढू नका. ऑपरेशनचा फायदा वेळेत केलं तर. २०१३ च्या अर्लीस्टिम अभ्यासात साठीच्या आतले, सरासरी साडेसात वर्षं आजार असलेले रुग्ण होते. नुसत्या औषधावरच्यांपेक्षा औषध अधिक डीबीएसवाल्यांचं जगणं स्पष्ट सुधारलं. दिवसात पाच किंवा जास्त डोस, दोन तास किंवा जास्त 'ऑफ' (गोळीचा असर उतरलेला काळ), एक तास किंवा जास्त त्रासदायक अनैच्छिक हालचाली, यातलं एक जरी लागू असलं तरी पुढच्या उपचारांसाठी तपासून घ्यावं, असा साधा नियम आहे.
खर्च: यंत्रासकट कित्येक लाख. साधी बॅटरी ३ ते ५ वर्षं, ती संपली की छातीवरचं छोटं ऑपरेशन पुन्हा. रिचार्जवाली महाग, पण १५ वर्षं किंवा जास्त. मात्र ती नियमित चार्ज करणारं माणूस घरात पाहिजे.

हळदपेठ
डोक्याला भोक पाडायच्या आधी खाजकुइली करून बघा. बियांत नैसर्गिक लेव्होडोपाच असतो. २००४ साली लंडनमध्ये चाचणी झाली आहे. गोळीपेक्षा लवकर असर आला आणि जास्त वेळ टिकला.

मिरजेचा_फार्मासिस्ट
हळदपेठ, चाचणी खरी आहे, पण अर्धीच सांगताय. रुग्ण फक्त आठ होते आणि डोस ३० ग्रॅम प्रमाणित पावडरीचा, दवाखान्यात, देखरेखीखाली. बाजारातल्या चूर्णात लेव्होडोपा किती हे डब्याडब्याला बदलतं. सोबत कार्बिडोपा नसतो, म्हणून मळमळ वाढते. चालू गोळीवर चूर्ण चढवलं तर एकूण डोस किती झाला हे कुणालाच कळत नाही.

हळदपेठ
मी गोळी बंद करा म्हटलेलं नाही. वैद्याच्या सल्ल्याने, एवढंच म्हणणं आहे.

तासगाव_वरची_आळी
सिंडोपा ११०, एकेक, पाच वेळा: ७, १०, १, ४, ७. प्रॅमिपेक्सोल ०.५ तीनदा. पॅसिटेन २ (कंपावरची) दोनदा. सकाळची गोळी दुधाबरोबर. बाकी काही नाही. मळमळायचं म्हणून गावातल्या दवाखान्यातून ॲसिडिटीची कॅप्सूल आहे, तेवढीच. कंप फार नाही. कुठे न्यायचं ते अजून कुणी सांगितलं नाही.

विश्रामबाग_फिजिओ
चालता चालता पाय चिकटत असतील तर जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, साधारण दीड फुटाच्या अंतराने, दारात आणि बाथरूमपुढे हमखास. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्यायचा.
आणि डीबीएस झालं तर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कायमचा बंद. गुडघ्याला नाही, पाठीला नाही, कुठेच नाही. ती ऊर्जा तारेतून मेंदूत उतरते आणि तिथली पेशी भाजते. प्रत्येक फिजिओला आधी सांगायचं.

मिरजेचा_फार्मासिस्ट
तासगाव, त्या कॅप्सूलची पट्टी हातात घ्या आणि बारीक अक्षरातली दोन्ही नावं इथे लिहा. 'तेवढीच' म्हणून सोडू नका.

तासगाव_वरची_आळी
पॅन्टोप्राझोल ४०, लेव्होसल्पिराइड ७५. रोज उपाशीपोटी. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू केली.

मिरजेचा_फार्मासिस्ट
मार्चचं कोडं इथे आहे.
डोपामाइन म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन. लेव्होसल्पिराइड त्याचे रिसेप्टर अडवतं. म्हणजे सिंडोपाने डोपामाइन पुरवायचं आणि या कॅप्सूलने ते पोचतं तिथलं दार लावायचं. धडधाकट माणसालाही यातून पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवरची सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन याच यादीतली.
आता मळमळ का होती ते बघा. ११० मध्ये लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा फक्त १०. पाच गोळ्यांचा कार्बिडोपा ५०. लेव्होडोपाचं मेंदूबाहेर डोपामाइन होऊ नये म्हणून दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम लागतो. तो कमी पडला म्हणून मळमळ, मळमळीसाठी ही कॅप्सूल, कॅप्सूलमुळे आखडणं, आणि आखडणं वाढलं म्हणून ऑपरेशन.
न्यूरोलॉजिस्टना चार गोष्टी विचारा. घरी स्वतः काही बदलू नका.
ही कॅप्सूल बंद करून गरज असेल तर डोम्पेरिडोन १० चालेल का? ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण आधी ईसीजी काढतात. ११० ऐवजी १००/२५ ची गोळी करता येईल का? पाच गोळ्यांत कार्बिडोपा १२५ होतो. दोन तासांत उतरतंय तर डोसमधलं अंतर कमी करायचं की एन्टाकॅपोन २०० (लेव्होडोपाचा असर लांबवणारी गोळी) जोडायचं? (त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नका.) आणि पॅसिटेन हळूहळू कमी करता येईल का?
दूध मात्र आजच बाजूला करा. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच वाटेने शोषले जातात. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. दूध, अख्खा मसूर, उसळ नंतर. लोहाची गोळी असेल तर दोन तास लांब.

गणपतीपेठ
सीआर गोळी लावा, सगळा प्रश्न मिटेल.

मिरजेचा_फार्मासिस्ट
मिटत नाही. सीआर साध्या गोळीच्या ७० टक्क्यांच्या आसपासच अंगी लागते, चढायला वेळ घेते आणि रोज सारखी चढत नाही. रात्री कूस बदलता येत नसेल तर झोपताना ठीक. चावून किंवा कुटून तर कधीच नाही.

माहुली_सातारा
कॅप्सूलचा मुद्दा मान्य, मी विचारायला हवं होतं. पण म्हणून डीबीएसचा विषय गुंडाळू नका. कॅप्सूलचा असर उतरायला आठवडे लागतात, कधी महिनेही. तेवढ्यात मोठ्या केंद्रात नाव नोंदवा.
निवड लेव्होडोपा चॅलेंजवर होते: १२ तास औषध नाही, सकाळी मोजणी, मग मोठा डोस, परत मोजणी. हालचालीचे गुण निदान ३० टक्के सुधारले पाहिजेत. लेव्होडोपाने जे सुटतं तेच डीबीएसने सुटतं, अपवाद कंपाचा. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, तर तारेने ते सुधारत नाही. बोलणं कधी बिघडतंही.

मिरजेचा_फार्मासिस्ट
आणि चॅलेंजच्या वेळी लेव्होसल्पिराइड अंगात असेल तर गोळीचा प्रतिसाद खोटा कमी दिसेल. स्मरणशक्तीच्या चाचणीचं तेच, पॅसिटेनने गुण पडतात. म्हणून आधी औषधं नीट लावा, मग मोजा. तासगाव, प्रॅमिपेक्सोल सुरू झाल्यापासून ऑनलाइन रमी, लॉटरी, नको ती खरेदी असं काही वाढलंय का? या गोळीने असा नाद लागू शकतो. इथे नका लिहू, पण डॉक्टरांना सांगा.

वारणाकाठ
द्राक्षाच्या बागेत तणनाशक मारायचे का ते? पॅराक्वाटचा आणि पार्किन्सन्सचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. आमच्याकडे उसातही...

धागाचालक
वारणाकाठ, विषय महत्त्वाचा आहे, वेगळा धागा काढा. इथे उपचारांवरच बोलूया.

तासगाव_वरची_आळी
रमीचं खरं आहे. बाकी इथे नको. गुरुवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीये. बंगळूरला निम्हान्सला (मेंदू आणि मनाच्या आजारांची मोठी संस्था) न्यावं म्हणतोय, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभराची. गुरुवारी आणि पुढे सोबत काय न्यायचं?

माहुली_सातारा
तीन दिवसांची तक्ता-वही. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी, प्रत्येकीत एकच खूण: झोप, ऑफ, ऑन (गोळी चढलेली), अनैच्छिक हालचालींसह ऑन. गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळ्या शाईने. मोबाइलवर दोन व्हिडिओ, एक गोळीआधीचा आणि एक चढल्यावरचा, दोन्हींत खुर्चीतून उठणं, दहा पावलं चालणं, वळणं. एमआरआयची फिल्म. सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, चिठ्ठी नव्हे.

मिरजेचा_फार्मासिस्ट
गाडीत डोस हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको. लेव्होडोपा एकदम तुटला तर ताप, ताठरपणा, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे जादा तीन दिवसांच्या गोळ्या जवळ हव्यात. चॅलेंजसाठी औषध थांबवायचं ते त्या केंद्राने लिहून दिलेल्या वेळेलाच. प्रॅमिपेक्सोल बहुधा लेव्होडोपाच्याही आधी थांबवायला सांगतात, ते आवर्जून विचारा.

तासगाव_वरची_आळी
आज सकाळी गोळी पाण्याबरोबर साडेसहाला दिली, दूध सव्वासातला. वही सुरू केलीय. झोपेतून मधेच उठले तर त्या चौकटीत काय लिहू?

माहुली_सातारा
अर्ध्या तासात जे जास्त वेळ होतं ते. लघवीला उठले असतील तर बाजूला नुसतं 'ल'.