केमिकल चांगलं असलं तरी दगड पडतो

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरचं दगडी फरश्यांचं आवरण, म्हणजे क्लॅडिंग, सिमेंटऐवजी केमिकलने (फरश्या चिकटवायच्या तयार मसाल्याने) चिकटवलं की पडायची भीती नाही, असं म्हणतात. अर्धंच पटलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पश्चिमेच्या भिंतीवरची ग्रॅनाइटची फरशी तिसऱ्या मजल्यावरून थेट पार्किंगमध्ये आली. दुपारची वेळ, खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो. उचलून पाहिली तर मागे केमिकलच होतं, पण चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे. मधल्या पोकळीत दरजांतून पावसाचं पाणी जायचं, खालच्या ओळीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटलेला आम्ही दोन वर्षं नुसता पुसत होतो! त्यात पश्चिमेचं ऊन, काळा दगड आणि फरश्या एकमेकींना खेटून बसवलेल्या. तापून फुगायला जागाच नाही.

मग परांची बांधून प्रत्येक फरशी लाकडी हातोडीने ठोकून पाहिली. घट्ट असली तर आवाज भरीव येतो, सुटली असली तर बद्द. २० मिमी ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे दोन बाय दोनची फरशी २० किलोची. उंचावर ती नुसत्या गिलाव्याच्या भरवशावर टांगणं मला तरी पटत नाही. वरच्या मजल्यांना ड्राय क्लॅडिंगच करा, म्हणजे फरशी चिकटवण्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर अडकवा, आणि क्लॅम्पचे बोल्ट काँक्रीटमध्येच जातायत ना, हे समोर उभं राहून बघा. दगडाऐवजी टेराकोटा (भाजलेल्या मातीच्या फरश्या) घेणार असाल तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अडकवायच्या पोकळ फरश्या मिळतात. महाग आहेत, पण एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते.