उपवासकाळातील सेवा: पाळकसाहेबांनी काय करावे आणि स्वयंसेवकांवर काय सोपवावे?

प्रश्न – कमिटी सभासद, कोल्हापूर

सर्वांना सलाम. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. पाळकसाहेब एकच असून शहरातील मंडळीबरोबर खेड्यांतील लहान मंडळ्याही त्यांच्याकडेच आहेत. ज्या दिवशी कपाळावर राख लावून उपवासकाळ (लेंट) सुरू होतो तो राखेचा बुधवार यंदा १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला येत आहे. या काळात राखेच्या बुधवारची उपासना, दर शुक्रवारची घरोघरची प्रार्थनासभा, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), झावळ्यांचा रविवार (पाम संडे), दुःखसप्ताहातील रोजच्या सभा, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन चालणारी, येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांची उपासना आणि ईस्टरची पहाटेची उपासना, एवढे सगळे एकाच माणसाच्या अंगावर येते. ‘आम्ही आहोत ना’ असे कमिटीत सगळेच म्हणतात. परंतु खुर्च्या मांडणे, माईक लावणे आणि चहा सांगणे यापलीकडे ती मदत जात नाही, कारण त्यापुढचे काय करण्याची आपल्याला मुभा आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

माझे मावसभाऊ अमेरिकेत एपिस्कोपल चर्चमध्ये जातात. तेथे एक शाळेतील बाई रविवारच्या उपासनेनंतर आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातात, असे त्यांनी सांगितले. हे मी कमिटीत बोललो आणि दोन तट पडले. ‘असे आपल्याकडेही व्हावे’ असे काहींचे म्हणणे आहे, तर ‘उद्या मग पाळक तरी कशाला हवेत?’ असे ज्येष्ठ विचारतात. तेव्हा कोणती सेवा दीक्षित पाळकांशिवाय होऊच शकत नाही, कोणती इतरांना देता येते आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय पहिल्या आठवड्यात हौसेने नावे देणारी मंडळी झावळ्यांच्या रविवारपर्यंत दिसेनाशी होतात, त्यावर कोणाकडे काही उपाय असल्यास तोही लिहावा.

उत्तर १ – मूळचा शाहूपुरीचा, सध्या न्यू जर्सी

मी येथील एका एपिस्कोपल पॅरिशचा (स्थानिक मंडळीचा) सभासद आहे, म्हणून येथील रीत सांगतो. मात्र हे नियम या चर्चचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लागू होत नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि एपिस्कोपल चर्च ही दोन्ही जगभरच्या अँग्लिकन परिवारात मोडतात, परंतु प्रत्येकाची घटना आणि उपासनापुस्तक वेगळे आहे.

येथे पॅरिशच्या मुख्य पाळकांना रेक्टर म्हणतात. पैसा, इमारत आणि कारभार पाहणारी वेस्ट्री नावाची निवडलेली समिती असते आणि तिच्यासोबत दोन वॉर्डन असतात. उपासनेच्या बाबतीत मात्र वेस्ट्रीचा शब्द चालत नाही. तेथे रेक्टर आणि त्यांच्या वर बिशप. आपल्याकडे कमिटीच्या बैठकीत वेदीपासून विजेच्या बिलापर्यंत सर्व विषय एका दमात निघतात, त्यामुळे ही विभागणी मला फार उपयोगाची वाटते.

सामान्य सभासदांच्या सेवेसाठी या चर्चच्या नियमांत स्वतंत्र परवाने आहेत. वेदीजवळ पाळकांच्या सोबतीने भाकर आणि प्याला वाटणाऱ्याचा परवाना एक आणि आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणाऱ्याचा दुसरा. प्रवचन करणारा, उपासना चालवणारा, श्रद्धेचे शिक्षण देणारा यांचेही वेगवेगळे परवाने असतात. शिफारस मंडळीच्या पाळकांनी करायची, परवाना बिशपांनी द्यायचा आणि त्याची मुदतही त्यांनीच ठरवायची. आपल्या मावसभावांनी सांगितलेल्या बाई स्वतःच्या अधिकाराने प्रभुभोजन ‘करीत’ नाहीत. मंडळीत पाळकांनी पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस त्या उपासनेनंतर विनाविलंब, आजारपणामुळे येऊ न शकलेल्या सभासदाकडे नेतात. आमच्याकडे उपासनेच्या अखेरीस त्यांच्या हाती झाकणाची लहान डबी सगळ्यांसमक्ष दिली जाते, म्हणजे आजारी माणसाला त्याच मेजावरचा वाटा मिळतो आणि कोणी कोणाला काय दिले हे मंडळीलाही माहीत असते. पवित्रीकरण, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद ही कामे मात्र बिशप किंवा पाळक यांचीच राहतात.

राखेच्या बुधवारबद्दल येथील १९७९च्या उपासनापुस्तकात स्पष्ट सूचना आहे. पाळक नसतील तर वचने, उपवासकाळ पाळण्याचे आमंत्रण, राख लावणे आणि पश्चात्तापाची दीर्घ प्रार्थना हा सगळा भाग डीकन (पाळकांच्या खालच्या पदाचे दीक्षित सेवक) किंवा सामान्य सभासद चालवू शकतो. फरक पडतो तो क्षमेच्या ठिकाणी. पाळक उभे राहून क्षमेची घोषणा करतात. सामान्य सभासद गुडघ्यांवरच राहतो आणि सर्वांसाठी, म्हणजे स्वतःसाठीही, क्षमा मागणारी प्रार्थना म्हणतो. आपल्या ज्येष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर मला या एका सूचनेत दिसते: काम सोपवूनही पाळकपद तेथे जागच्या जागी राहिले आहे.

येथील डीकन बहुतेक करून बिनपगारी असतात, आठवडाभर नोकरी करून ही सेवा करतात. त्यामुळे ‘दीक्षित म्हणजे पगारी आणि स्वयंसेवक म्हणजे बाकीचे’ अशी वाटणी येथे फारशी चालत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, मुलांबरोबर किंवा घरभेटीची सेवा करणाऱ्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. कोणाच्या घरी एकट्याने जाऊ नये हा नियम आपल्याकडे परवान्यांचे काही ठरले नाही तरी आजपासून लावता येईल.

उत्तर २ – निवृत्त पाळक, मिरज

न्यू जर्सीच्या बंधूंनी नियम उत्तम मांडले आहेत. परंतु कोल्हापूरच्या कमिटीत जे दोन तट पडले, त्यांचे मूळ मला परवान्यांत नव्हे, इतिहासात दिसते.

कोल्हापुरात रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले आणि ते मिशन पुढे अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. त्या परंपरेत बिशप नव्हते. मंडळीने निवडलेले ‘वडील’ (एल्डर) पाळकांच्या बरोबरीने बसत आणि प्रभुभोजनाची भाकर-प्याला बाकांपर्यंत नेत. याच शहरात इंग्लंडच्या अँग्लिकन एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशननेही काम केले. तिकडे बिशप, वेदी आणि बांधील उपासनाक्रम होता. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले आणि बिशपपद सर्वांनी स्वीकारले. कागदावरचे ऐक्य एका दिवसात झाले, तरी घराघरांतील वळण इतक्या लवकर बदलत नाही.

म्हणून कमिटी सभासदांनी ज्येष्ठांचे म्हणणे पुन्हा एकदा नीट ऐकून घ्यावे. माझा अनुभव असा की, जुन्या मिशनच्या घरांतील माणसांना सामान्य सभासदाने प्याला वाटण्याचे वावडे नसते, कारण त्यांचे आजोबाच वडील म्हणून ते काम करीत. त्यांना खटकते ती कपाळावरची राख, कारण त्यांच्या लहानपणी ती नव्हतीच. अशा वेळी ‘राख पाळकांनी लावावी की स्वयंसेवकाने’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याला नको त्याने न लावता उपासनेत बसावे, एवढे आधी जाहीर केले तर अर्धा तंटा तेथेच मिटेल. उलट दुसऱ्या बाजूच्या घरांना राख चालते, पण प्याला पाळकांच्याच हातून हवा असतो. दोन्ही आक्षेप एकाच सुरात मांडले जातात म्हणून ते एकच वाटतात.

अधिकाराबद्दल सांगायचे तर कमिटीने परस्पर ठराव करून कोणालाही प्रभुभोजन घेऊन पाठवू नये. पाळकांनी बिशपसाहेबांना लेखी विचारावे, नावे द्यावीत आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे. वचनवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, घरोघरच्या सभा चालवणे, सात उद्गारांपैकी एखाद्यावर मनन करणे यांसाठी मात्र आपल्या मंडळ्यांत पूर्वापार सामान्य सभासद पुढे येत आले आहेत. तेथे पाळकांचे काम इतकेच की बोलणाऱ्यासोबत आठवडाभर आधी बसून त्याचे टिपण पाहावे. हे टाळले की पंधरा मिनिटांच्या मननाची पाऊण तासाची साक्ष होते आणि सातव्या उद्गाराला पोहोचेपर्यंत तीन वाजून जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

थोडे विषयांतर करतो. वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला आणि १८८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या प्रमुख प्रवर्तकांत ते होते. ज्या गावातून असा माणूस निघाला, तेथे स्वयंसेवकांना अजून चहा सांगण्यावरच अडवून ठेवले आहे, याची मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

उत्तर ३ – महिला मंडळ, कोल्हापूर

निवृत्त पाळकसाहेबांना सलाम. आपण वडिलांचा उल्लेख केलात, परंतु बायबलबाई राहिल्या. मिशनच्या काळापासून घरोघर जाऊन वचन वाचणे, आजाऱ्यापाशी बसणे आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे पाळकांच्या कानावर घालणे ही कामे त्यांनी केली आणि आज आमच्या मंडळातील भगिनी तेच करीत आहेत. तेव्हा ‘बाईने घरी प्रभुभोजन न्यावे का’ असा प्रश्न आला की मला नवल वाटते. त्या घरी ती आधीच जात असते. डबी सोबत न्यायची की नाही, एवढेच बिशपसाहेबांना ठरवायचे आहे. कोण अंथरुणावर आहे, कोणाला घास गिळता येत नाही, कोणाची सून कामावरून कधी येते, हे आमच्याकडे तोंडपाठ असते आणि पाळकसाहेब निघण्यापूर्वी आम्हांलाच विचारतात.

आता स्वयंसेवक गळून का पडतात, त्याविषयी. एक कारण सरळ आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, ज्या घरी परीक्षा आहे त्या घराकडून काही मागू नये. दुसरे कारण आम्हीच निर्माण केले आहे. दर शुक्रवारी ज्या घरी प्रार्थनासभा असते, त्या घरची बाई दुपारपासून भजी, शिरा आणि चाळीस जणांचा चहा यांत अडकते आणि प्रार्थनेच्या वेळी स्वयंपाकघरातच असते. हा उपवासकाळ आहे याची आठवण कोणी करून द्यायची? कोल्हापुरात दीड महिना तांबडा-पांढरा रस्सा सोडणे ही काही लहानसहान गोष्ट नाही, ती आमची घरे निष्ठेने पाळतात (रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत हा आधार घेऊन रविवारी मटण आणणारेही आहेत, त्यांचा न्याय प्रभू करील). मग सभेनंतर नुसते पाणी द्यायला काय हरकत आहे? पाण्यावर सभा ठेवली तर ज्या लहान घरांनी आजवर खर्चाच्या संकोचाने नाव दिले नाही, तीही पुढे येतील.

राखेचे काम ज्यांच्याकडे जाईल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या घरोघरून आदल्या रविवारी परत मागवाव्यात, उघड्यावर लोखंडी कढईत जाळाव्यात आणि पूर्ण थंड झाल्यावर हाताने चुरून मलमलच्या फडक्यातून गाळाव्यात. काडीचा तुकडा राहिला तर कपाळावर ओरखडा उठतो. ही राख पाण्यात कधीही कालवू नये, कारण राखेच्या पाण्यात खार उतरतो आणि त्याने कातडीची आग होते. कोरडीच वापरावी किंवा खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब घालावेत. सगळ्या मंडळीला लहान वाटीभर राख पुरून उरते.

एक तक्रारही नोंदवते, नाव कोणाचे घेत नाही. वेदीचे जांभळे वस्त्र धुणे आणि इस्त्री करणे आमच्याकडे येते, ईस्टरच्या सकाळी वचन वाचायला मात्र वर्षानुवर्षे तीच ठरलेली नावे पुकारली जातात. यादी करताना याचाही विचार व्हावा.

उत्तर ४ – तरुण संघ

महिला मंडळाच्या ताईंशी सहमत आहे, पण आमचीही बाजू ऐकावी. आम्हांला शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर ‘उद्या गिटार आणा’ असा निरोप येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतची पूर्ण यादी आधी मिळाली आणि प्रत्येक कामाला एक बदली माणूस असला, तर कोणी गळणार नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील दुःखसहनाची गीतेही ऐनवेळी बसवता येत नाहीत, त्यांच्या चाली ज्येष्ठांकडून शिकाव्या लागतात आणि त्यासाठी ते मोकळे हवेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – कमिटी सभासद, कोल्हापूर

सर्वांचे आभार. निवृत्त पाळकसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे ज्येष्ठांशी पुन्हा बोललो. त्यांच्यातील निम्म्यांचा आक्षेप खरोखरच राखेला होता आणि ‘ऐच्छिक’ म्हटल्यावर तो मागे घेतला गेला. प्याल्याबद्दलचा आक्षेप कायम आहे. पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांना पत्र लिहायचे मान्य केले असून त्यात दोन भगिनींची आणि एका बंधूंची नावे असतील. सात उद्गारांची वाटणी आत्ताच होईल आणि टिपणे दाखवल्याशिवाय कोणालाही व्यासपीठ मिळणार नाही, असे पाळकसाहेबांनी स्वतःच सांगितले. खेड्यांतील राखेच्या बुधवारची उपासना तेथील वडील चालवतील. तेथे क्षमेची प्रार्थना कोणती म्हणायची, हेही पत्रात विचारले आहे.

शुक्रवारच्या सभा आठवड्याआड ठेवाव्यात अशी सूचना कमिटीपुढे आली, ती मात्र मते समसमान पडून राहिली. पाण्याचा मुद्दा मंजूर झाला. फक्त एका सभासदांनी लिंबू-सरबत चालेल का, असे विचारले आहे. बिशपसाहेबांचे उत्तर येईपर्यंत आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन पाळकसाहेबच जातील आणि सोबत महिला मंडळातील एक भगिनी असतील.