द मंकीज मास्क: जिलचं प्रेम काढलं तर केस उरतच नाही

'द मंकीज मास्क' या पिक्चरमधली डिटेक्टिव्ह बाई, जिल, लेस्बियन असल्याने केसमध्ये काही फरक पडत नाही, ते उगाच लक्ष वेधायला घातलंय, असं कुणीतरी म्हटलंय, ते मत मला अजिबात पटलं नाही. अहो या पिक्चरमध्ये सगळा फरक तिथेच तर पडतो! जिल कॉलेजातल्या एका बेपत्ता मुलीचा शोध घ्यायला जाते आणि त्या मुलीला कविता शिकवणाऱ्या डायनाच्याच प्रेमात पडते, म्हणजे जिच्याकडे संशयाने बघायला हवं तिच्यासमोर हिचं डोकं चालेनासं होतं. जुन्या नॉयर पिक्चरमध्ये, म्हणजे त्या अंधाऱ्या गुन्हेपटांत, पुरुष डिटेक्टिव्ह असाच एखाद्या गूढ बाईपायी वाहवत जायचा, तेव्हा तो स्ट्रेट का आहे असं कुणी विचारलं का?

आणखी एक सांगायचं राहिलं, हा २००० सालचा ऑस्ट्रेलियन पिक्चर डोरोथी पोर्टरच्या १९९४ च्या कादंबरीवर आहे आणि ती आख्खी कादंबरी कवितेत लिहिलीय, छोट्या छोट्या कविता आणि त्यातूनच खून, तपास, शरीराची ओढ सगळं पुढे सरकतं. पिक्चरमध्येही सिडनीचे कवी, त्यांचे अहंकार, मुलीने मागे ठेवलेल्या कविता हाच पुरावा. सुझी पोर्टरने जिल काय केलीय! राकट आणि तरी आतून किती एकटी. केली मॅकगिलिस डायना आहे. थ्रिलर म्हणून मध्ये थोडा रेंगाळतो हे मान्य, पण जिलसाठी मी परत बघेन. शेवट इथे फोडू नका प्लीज, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघा.